पायरीवरची बाई

माझ्या माहेरी भांडण झालं की गल्लीला कळतं. वडील रामदास परभणीकडचे, गवंडीकामाला सुरतेत आले आणि पांडेसऱ्यात राहिले. आई सरस्वती त्यांच्याच गावची. दोघं एकदा सुरू झाली की शेजारची गुजराती बाई आपल्या टीव्हीचा आवाज बंद करायची, कारण आमच्याकडचा कार्यक्रम जास्त रंगायचा. भांडी आपटायची, दोन्हीकडच्या सात पिढ्या निघायच्या, आणि तासाभरानं आई म्हणायची, "घ्या, आधी भाकर खाऊन घ्या, मग राहिलेलं बोला." राहिलेलं कधीच बोललं जायचं नाही, पोटात काही शिल्लकच नसायचं. मला वाटायचं, सगळं जग असंच भांडतं आणि असंच मोकळं होतं.

मग मी चेतनशी लग्न केलं आणि सुरतेतल्याच लिंबायतला आले.

चेतनच्या घरचे खान्देशातले, पारोळ्याकडचे. आमचं लग्न दोन्ही घरांना नको होतं. माझे वडील ह्यांच्या दारात येऊन दिवसभर ओरडले, संध्याकाळी ह्यांचाच चहा प्यायले आणि लग्नाची तारीख विचारून घरी गेले. चेतनच्या घरून मात्र तीन महिने कुणी चकार शब्द काढला नाही. मी समजले, मोडलं. मग एक दिवस सासूबाईंनी चेतनच्या हाती शेवभाजीचा डबा पाठवला. सोबत निरोप नाही, काही नाही. मी विचारलं, "ह्याचा अर्थ काय?" चेतन म्हणाला, "म्हणजे हो." मी खुळी, भाजी चाटूनपुसून खाल्ली आणि पुढे काही विचारलं नाही.

घर दोन मजली, पण रुंदीला एवढंसं. खाली सासरे सुकलाल, त्यांना सगळे आबा म्हणतात. आयुष्य डाइंग मिलमध्ये गेलेलं. वर त्यांचे धाकटे भाऊ सुपडू, म्हणजे नाना. नानांनी लग्न केलं नाही. तरुणपणापासून लूम चालवले आणि लूमनं त्यांचे कान खाल्ले. आता कानाशी ढोल वाजवला तरी मान वळत नाही. घराच्या मधोमध वर जाणारा जिना, आणि ह्या दोन भावांमध्ये चेतन शाळेत होता तेव्हापासूनचा अबोला.

कारण असं. गावी त्यांचे वडील विहिरीत पडून वारले. आबा तेव्हा गावी होते, नाना सुरतेत. निरोप मिळाला तसे नाना निघाले, संध्याकाळी पोहोचले, तर चिता विझत आलेली. धाकट्या मुलाला बापाचं शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. का थांबला नाहीस, असं नानांनी विचारलं, तर आबा एवढंच म्हणाले, "येळ नव्हता." नानांनी तिथेच राखेवर हात ठेवला. "तू मले बापनं तोंड दखू दिधं नही. आते मी बी तुनं तोंड दखाव नही." त्या दिवसापासून दोघं एका घरात राहतात, एका चुलीचं खातात, आणि नाना खाली मान घालून वावरतात.

आमच्याकडे असं झालं असतं तर डोकी फुटली असती, गावातली चार माणसं मधे बसली असती, आणि वर्षाच्या आत दोघं एका ताटात जेवले असते. इथे कुणी बोटही हलवलं नाही. चेतन मला समजावायचा की अबोला म्हणजे वैर नव्हे. रागात तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, म्हणून तोंड मिटायचं, म्हणजे घर फुटत नाही. मी म्हणायचे, "फुटत नाही, पण झाकलेली भाजी आतल्या आत आंबते, ती?" तो हसायचा आणि विषय संपायचा. तोही त्याच घरातला ना.

घर चालायचं सासूबाईंमुळे. शोभाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायच्या. गहू तिथेच निवडायच्या, भाजी तिथेच चिरायच्या, चहाही तिथेच प्यायच्या. आबा खोलीतून म्हणायचे, "चेतननी माय, त्याले सांग, पानी उनं, मोटर चालू कर." सासूबाई वर तोंड करून तेच म्हणायच्या, पाणी आलं म्हणून. नाना जिन्याच्या वळणावर येऊन त्यांचे ओठ वाचायचे. लूमच्या खटखटाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथले कामगार ओठ वाचायला शिकतातच. मग नाना म्हणायचे, "वहिनी, त्यास्ले सांगा, करी टाकी." आणि सासूबाई खाली तोंड करून तेही सांगायच्या. प्रत्येक निरोपाआधी जिभेनं एक बारीकसा 'टक्' आवाज काढायची त्यांना सवय होती.

मी त्यांच्याजवळ सात वर्षं राहिले. एवढ्या वर्षांत त्या स्वतःचं असं काय बोलल्या, हे मला आजही आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मी मनापासून रडले, आणि रडता रडता एक विचारही आला की आता तरी ह्या म्हाताऱ्यांना एकमेकांशी बोलावं लागेल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा जिन्यासमोर उभे राहिले आणि रिकाम्या पायरीला म्हणाले, "चेतननी माय, त्याले सांग, पानी उनं."

मला गलबलून आलं. म्हातारं माणूस, सवयीनं बोललं, असं वाटलं. तेवढ्यात वरच्या गच्चीवर मोटर सुरू झाली.

योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं. पण रोज तेच व्हायला लागलं. शेवटी एके दुपारी मी मुद्दाम वर जाऊन बसले. नाना दाराकडे पाठ करून सुपारी कातरत होते. खालून आबांचं पुटपुटणं मला कसंबसं ऐकू आलं, भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्यायला सांग, असं काहीतरी. नानांचा अडकित्ता थांबला. कुणी वाकून कानाशी बोलावं आणि आपण मान तिरपी करावी, तशी त्यांनी मान तिरपी केली. "बरं वहिनी," म्हणाले, आणि उठून मिठाची बरणी शोधायला लागले.

त्या पायरीवर आता कुणी पाय देत नव्हतं. ठरवून नव्हे, आपोआप सगळे ती ओलांडून दुसरीवर पाय टाकायचे. जिना पुसायचं काम माझं. ओलं फडकं फिरवलं की बाकीच्या पायऱ्या अख्ख्या ओल्या व्हायच्या, ह्या पायरीचा मधला भाग मात्र कोरडाच राहायचा. त्या कोरड्या भागाचा आकार बसलेल्या माणसाएवढा होता. मी चेतनला हाताला धरून आणून दाखवलं. त्यानं पाहिलं, आणि नजर दुसरीकडे वळवली.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "घर शांत शे ना?"

"अरे, मेलेल्या बाईला कामाला लावलंय तुम्ही!"

"हळू बोल."

मी हळू बोलणारी नव्हतेच. तासभर बोलले. तो जेवून कामाला निघून गेला. भिंतीशी भांडलं तर निदान हात तरी दुखतो, ह्यांच्याशी भांडून तेवढंही नाही.

इथवर मी निभावून नेलं असतं. भूत का होईना, सासूच ती. पण मग माझी पोर त्या पायरीवर बसली.

गायत्री सहा वर्षांची. तोंडाचा पट्टा माझ्यावर गेलेला. अहिराणी, परभणीकडची मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्यांचा चिवडा करून अखंड बडबडायची. त्या दुपारी मी साडीवर डायमंड, म्हणजे चमकते खडे, चिकटवत बसले होते. घरबसल्या मिळणारं काम ते, मान मोडून करावं लागतं. बराच वेळ पोरीचा आवाज नाही म्हणून मान वर केली, तर ती पहिल्या पायरीवर बसलेली. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, म्हाताऱ्या बाईसारखी.

"गायू, ऊठ तिथून."

"आजीनं सरकून जागा दिली," ती म्हणाली.

आबा तेवढ्यात बाहेरून आले. "गायत्री, त्याले सांग, दूध ठेयेल शे." पोरीनं वर तोंड केलं. आधी जिभेचा 'टक्' झाला, मग निरोप गेला. आवाज तिचाच होता, पण त्यातलं सगळं वळण सासूबाईंचं. वरून नाना आनंदानं म्हणाले, "वहिनी, आज तब्येत बरी दिसस तुमनी." आबांनी पोरीला चॉकलेट दिलं. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि दोन धपाटे घातले. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी पुढे काय सांगते ह्याची वाट बघत असल्यासारखी.

त्यानंतर तिचं स्वतःचं बोलणं एकेक करून आटत गेलं. आधी शाळेतल्या गमती बंद झाल्या, मग हट्ट बंद झाले, मग भूक लागली म्हणणंही बंद झालं. निरोप मात्र ती अचूक पोहोचवायची. मी कोंडून ठेवलं तर दारामागून पोहोचवायची. शाळेतून मला बोलावणं आलं. वर्गाच्या बेन, म्हणजे बाई, काळजीत होत्या. म्हणाल्या, "केटली वातोडी छोकरी हती, किती बडबडी! आता नाव विचारलं तरी नुसतं म्हणते, कुणाला सांगू?"

मी तिला उचललं आणि पांडेसऱ्याला आईकडे गेले. वाटलं, पायरीपासून लांब गेली की सुटेल. तिथे ती आणखीच गप्प झाली. निरोप देणारंच कुणी नव्हतं, तर ती नुसती बसून राहिली. आईनं विचारलं, "काय खाती माय?" तर ती माझ्या ओठांकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गायू, आजीला सांग, तुला काय पाहिजे ते सांग." ती पुष्कळ वेळ शोधत होती. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. शेवटी म्हणाली, "मम्मी, काय सांगू?" तिच्याजवळ सांगायला तिचं काही उरलंच नव्हतं. त्या रात्री मला इतकी भीती वाटली की मी पोरीचं तोंड छातीशी धरून जागीच बसले.

सकाळी आईनं निकाल दिला. "लेकराला मांत्रिक नको का डॉक्टर नको. त्या दोन म्हाताऱ्यांला समोरासमोर बसव आन् तोंडावर बोलाय लाव. त्यांचं मिटलं की मधलं माणूस मोकळं होतंय."

मलाही पटलं. दुसरं सुचणार तरी काय होतं, मी तिचीच लेक.

श्रावणात आमच्या सासरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवी सजवतात आणि घराण्याचे रोट करतात. रोट म्हणजे घरातल्या माणसांच्या नावानं धान्य घेऊन केलेला नैवेद्य. तो फक्त घराण्यातल्यांनी खायचा आणि एका पंगतीत बसून खायचा. अबोला असो, कोर्टात दावा असो, रोटाला सगळे खाली बसतात, खातात, आणि न बोलता उठतात. नानाही वर्षातून तेवढे एकदा आबांच्या पंगतीत बसत. मी तोच दिवस धरला.

उधन्याला राहणारे सासरचे भाऊबंद आपापलं आटोपून गेले. उरलो घरचेच. भिंतीशी कानबाई, तिच्यासमोर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मान खाली घातलेले नाना, मधे चेतन. गायत्री जाऊन पायरीवर बसलेली. मी दाराला आतून कडी घातली आणि पदर खोचला.

"आज बोलल्याशिवाय कुणी उठायचं नाही," मी म्हणाले. "आबा, तुम्ही मोठे आहात. त्या दिवशी का थांबला नाहीत ते सांगा. आणि नानांना, ह्या खोलीत, स्वतःच्या तोंडानं सांगा. माझ्या पोरीच्या तोंडानं नाही."

"कविता," चेतन म्हणाला, "देवीसमोर..."

"देवीलाही ऐकू दे! माझं लेकरू मुकं झालंय, आणि तुम्ही रोट चावत बसलाय?"

गल्लीत लूम चालू होते, त्यांची खटखट तेवढी भिंतीतून येत होती. मी पुन्हा ओरडणार तेवढ्यात आबांनी हातातला घास खाली ठेवला.

"सुपडू," ते म्हणाले.

चेतननं दचकून बापाकडे पाहिलं. शाळेत होता तेव्हापासून बापाच्या तोंडी हे नाव त्यानं ऐकलं नव्हतं. मला वाटलं, जिंकले. आणि नाना तसेच मान घालून जेवत राहिले. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ओठ वाचायचे तर भावाच्या तोंडाकडे बघावं लागणार, आणि ते तर बघायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

'टक्' असा आवाज झाला. "सुपडू," पायरीवरून गायत्री म्हणाली. नानांनी लगेच पायरीकडे मान वर केली.

"बाप त्या दिन पडेल नव्हता," आबा म्हणाले. त्यांची नजर ताटात होती.

"बाप त्या दिन पडेल नव्हता," पोर म्हणाली.

"तीन दिन व्हता तो विहीरमा. वावरमानी विहीर, तठे कोन जास? मीच काढा त्याले."

पोरीनं तेही म्हटलं. पण शेवटी तिचा आवाज अडखळला. तिचे ओठ निळसर झाले होते आणि हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. आबांचं पुढचं वाक्य कुठे जाणार ते मला तेव्हा समजलं. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते आता माझी सहा वर्षांची पोर आपल्या तोंडानं सांगणार होती. आणि ते सांगायला मीच भाग पाडलं होतं.

"आबा, थांबा!" मी ओरडले. पण इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदा सुटल्यावर ते कसे थांबणार?

"सुपडू, त्यानं तोंड..."

मी धावले. पोरीला बगलेत धरून उचललं. ती भरलेल्या हंड्याइतकी जड लागली. तिला खाली फरशीवर ढकललं आणि मी पायरीवर बसले. पायरी ऊबदार होती. पोर बसली होती मधोमध, पण ऊब तिच्या दोन्ही बाजूंनाही पसरली होती, मोठ्या माणसाच्या बैठकीएवढी.

माझी जीभ टाळ्याला लागली आणि सुटली. 'टक्'.

मग आबा जे बोलले ते मी बोलले. मला अहिराणी धड कधी आली नव्हती, चेतन माझी टिंगल करायचा. त्या दिवशी एक शब्द चुकला नाही. तोंड राहिलं नव्हतं, हे मी सांगितलं. काय राहिलं होतं तेही सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. आणि शेवटचं सांगितलं, "तुन्या डोयासमोर बाप हासता राहू दे, म्हनीसन मी गप बसनू. तू मले शिव्या दिध्यात, बरं वाटनं. तुले माहीत नही, इतलंच बरं वाटे."

नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान हळूहळू वळवत त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिले. उठले, ताटं ओलांडून आबांसमोर बसले, आणि दोन्ही हातांनी त्यांचे गाल चाचपले.

"म्हतारा व्हयी गया तू," नाना म्हणाले.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पायरीकडे वळले. "गायत्रीनी माय," ते मला म्हणाले, "त्याले सांग, तू बी."

'टक्'. "तू बी," मी म्हणाले.

दोघं म्हातारे हसले, रडले, एकमेकांना रोटाचे घास भरवले. चेतन पोरासारखा हुंदके देत होता. आणि खाली फरशीवरून गायत्री म्हणाली, "मम्मी, मला भूक लागली! आणि तू मला ढकललंस! मला लागलं, जो ने, बघ ना!"

तिचे शब्द, तिचा आवाज, तिची तक्रार. माझं काळीज भरून आलं. ये गं माझ्या बाई, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही आलं नाही.

ह्याला आता काही महिने झाले. मी पायरीवरून उठू शकते, स्वयंपाक करते, बाजारात जाते, साड्यांना डायमंड लावते. कुणी दुसऱ्यासाठी काही सांगितलं की माझा आवाज खणखणीत लागतो. माझं स्वतःचं काही सांगायला गेले की घशात काहीच नसतं. चेतननं घशाच्या डॉक्टरला दाखवलं. सगळं ठीक आहे म्हणाले.

दोघा भावांचं सगळं मिटलंय. संध्याकाळी शेजारी शेजारी बसून चहा पितात. पण बोलायचं झालं की दोघंही पायरीकडे तोंड करतात. समोरासमोर बोलायची रीत ते विसरून गेलेत, आणि ती पुन्हा शिकायची गरजही त्यांना वाटत नाही. नाना मला आता वहिनी म्हणतात. मी पहिल्यांदा दचकले होते, आता मान हलवते. उधन्याचे भाऊबंद आले की कौतुक करतात, सून किती निवली, पक्की आपल्यातली झाली. आपापल्या सुनांना माझं उदाहरण देतात.

बोटांना मात्र अजून माझे शब्द सापडतात. म्हणून हे सगळं मोबाईलवर टाइप केलं आणि चेतनला वाचायला दिलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. एकदा पायरीकडे पाहिलं. मग मोबाईल माझ्या हातात परत देऊन म्हणाला, "आबांना नको दाखवू. आता कुठे दोघं सुखात आहेत." मला त्याचा इतका संताप आला, आणि त्या संतापाला तोंडच नव्हतं.

परवा रविवारी आई आली. फोनवर मी नुसती हुं हुं करते म्हणून ती आधीच तापलेली. चप्पल काढायच्या आधी सुरू झाली. "लई मोठी झालीस का? आईसंगं बोलाय लाज वाटायली? तोंड शिवलंय का तुझं?" मी पाणी दिलं. तिनं पेला बाजूला सारला. "पाणी नको मला. भांड! शिव्या दे मला! आमच्यात भांडंना झालं की माणूस परकं झालं म्हणतात, कविता. तू परकी झालीस का मला?" तिचे डोळे भरले होते. मला तिच्या गळ्यात पडून ओरडायचं होतं, आई मी इथे आत आहे म्हणून.

आबा कानकोंडे झाले. त्यांना मोठा आवाज सोसत नाही. पायरीकडे बघून हळूच म्हणाले, "गायत्रीनी माय, विहीणबाईस्ले सांग, दमानं घ्या."

'टक्'. "विहीणबाई, दमानं घ्या," मी माझ्या आईला म्हणाले.

आई मागे सरकली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी दार चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावं. मग गायत्री उठली. हातातली पेन्सिल तिनं फेकून दिली आणि कमरेवर हात ठेवून दोघा म्हाताऱ्यांसमोर उभी राहिली.

"आबा, आजी इथेच उभी आहे ना? मग तुम्हीच सांगा ना तिला! नाना तुमच्या बाजूलाच बसतात, त्यांनाही तुम्हीच सांगा! माझ्या मम्मीला कशाला सांगता सारखं सारखं? ती माझी मम्मी आहे!" आवाज इतका की गल्लीतली दोन माणसं दारात डोकावली.

नाना गोंधळून तिचे ओठ बघत होते. आबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले.

"गायत्रीनी माय, पोरले सांग, हळू बोल."

मी जीव खाऊन दात आवळले. तरी जीभ टाळ्याला लागलीच, आणि माझ्या पोरीला मी माझ्याच तोंडानं म्हणाले, "गायू, हळू बोल."

ती माझ्याकडे वळली. रागानं लाल झालेली, नाकातून पाणी येत असलेली, अगदी माझ्यासारखी.

"नाही बोलणार हळू!" ती ओरडली, आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.